विचार करतीय ती

निवडणुकीच्या ड्यूटीवर निफाडकडच्या एका गावात, शाळेतल्या मतदान केंद्रावर मी होतो. तिथं ती म्हातारी भेटली. नाव कानावर पडलं होतं, आता आठवत नाही. सगळ्या बायका तिला आजीच म्हणत होत्या.

द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या बायकांना ती सकाळीच घेऊन आली. स्वतःचं मत देऊन दाराशी बसली आणि आत जाणाऱ्या प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवू लागली, लेकीला परीक्षेला धाडताना फिरवावा तसा.

गर्दी ओसरल्यावर मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "आजी, यांना काय शिकवून आणलंत?"

"कायबी नाय. आमचे घरधनी होते तवर ते सांगतील ते बटन दाबलं. ते गेल्यावर पयल्यांदा एकटी उभी राहिले, तर मला काय पायजे तेच कळंना. लय रडू आलं. आता मीच सांगाया लागले, तर ह्यांना कवा कळायचं?"

तेवढ्यात एक नवी सून आत गेली आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागं बराच वेळ थांबली. तिचा नवरा दारातून ओरडला, "अगं, सांगितलंय ना तुला? दाब की!"

मी उठायच्या आत म्हातारी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "ओरडू नको, बाळा. विचार करतीय ती."

मग मशीनचा लांब आवाज आला.

"कुणाला दिलं?" सून बाहेर येताच नवऱ्यानं विचारलं.

पोरीनं म्हातारीकडं पाहिलं. म्हातारीनं मुद्दाम तोंड फिरवलं.

"नाय सांगायची," पोरगी म्हणाली, आणि स्वतःच दचकून हसली.