आधी माझं बघा

रोकडे साहेब कुठल्याही बिघाडाजवळ पोचले की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "आधी माझं बघा. माझंच कायतरी चुकलं असंल." मग प्रिंटर अडकलेला असो, संगणक बंद पडलेला असो, नाहीतर जिन्यातला दिवा गेलेला असो. बोलताना चेहरा असा, की भर वर्गात डबा खाताना सापडलेला विद्यार्थी. बँकेच्या संगणक विभागाचा प्रमुख माणूस, पण आल्या आल्या गुन्हा कबूल करून मोकळा व्हायचा.

नारायणगावच्या आमच्या सहकारी बँकेत मी नवा लागलो तेव्हा मला वाटलं, साहेब फारच धांदरट दिसतात. प्रत्यक्षात धांदरट मी होतो. रुजू झालो त्याच आठवड्यात मोबाइल चार्ज करायला जागा हवी म्हणून मी एक प्लग उपटला, आणि जुन्नरपासून घोडेगावपर्यंत सगळ्या शाखांचं काम थांबवलं. साहेब धावत आले. "आधी माझं बघा. काल जाताना मीच ह्या वायरींशी खेळलो व्हतो." ते इतक्या कळवळून म्हणाले, की माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही साहेब, प्लग मी काढला."

"बरं. मग लाव."

एवढंच. पुढे ना आवाज चढला, ना मेमो आला. दुपारी कॅशियर बाईंनी हसत सांगितलं, "काल साहेब इथं नव्हतेच रे. डिंभ्याला लग्नाला गेले होते. परतीची एसटी आलीच नाही, सकाळी आले तिथून."

हीच त्यांची युक्ती होती. नव्वदच्या दशकात बँकेत पहिला संगणक आला, तेव्हापासून ती चालू होती म्हणे. कीबोर्डवर चहा सांडला तर साहेब म्हणणार, "परवा मी हितंच चहा पीत व्हतो," आणि मग कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटणार, "न्हाई साहेब, कप माझा व्हता." मी एकदा त्यांना छेडलं तर शेंगा सोलत म्हणाले, "इंजिनियर, लोकांना दम दिला की बिघाड ऱ्हातो बाजूला, आन आपण चोर शोधत बसतो. चोर मीच हाय म्हणलं, की लोक आपणहून बिघाड दाखवत्यात." शेंगदाणे ते सर्व्हरच्या खोलीत खात होते. 'येथे खाण्यास सक्त मनाई' हा बोर्ड त्यांनीच लावला होता, आणि त्याच्या बरोब्बर खाली त्यांची खुर्ची असायची. साधुसंत वगैरे नव्हते ते.

मग आमच्या बँकेनं टोमॅटो बाजाराच्या पलीकडे नवी इमारत बांधली. मुख्य कचेरीतल्या माहितीची दुसरी प्रत तिथल्या साठवणीच्या कपाटांत सतत जात राहावी, अशी योजना होती. त्यासाठी दोन्हीकडे एकेक स्विच, इकडे जुना, तिकडे नवा. स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. सर्व्हर आणि साठवणीची कपाटं ज्याच्यातून एकमेकांशी बोलतात, तो हा डबा. दोन्ही डब्यांच्या मध्ये बाजाराखालून काचेच्या तंतूची केबल टाकलेली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्या लक्षात आलं, की दोन्हीकडे हिरवा दिवा लागतोय, पण हे दोन डबे एकमेकांना ओळख दाखवायला तयार नाहीत. एकाच्या पडद्यावर दुसरा दिसतच नव्हता.

उपाध्यक्ष अण्णा येऊन गेले. "उद्या पावण्यांसमोर हे जोडलेलं नसंल, तर एकाची खुर्ची जाणार," म्हणाले, आणि जाताना माझ्याकडे बघितलं. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. घरी मी झाल्याचं सांगून पेढेही वाटून बसलो होतो.

साहेब आले. "आधी माझं बघा. जुन्याची सेटिंग जशीच्या तशी नव्यात मीच घातलीय परवा. त्यातच कायतरी असंल."

आम्ही सगळे प्रेमानं हसलो आणि केबलकडे वळलो.

मी पलीकडच्या इमारतीत, साहेब अलीकडे, मध्ये मोबाइल. "तिकडं काय दिसतंय?" "हिरवा." "हिकडं बी हिरवा. मग बोलत का न्हाईत रे?" मी तंतूचं टोक पुसायला काढलं आणि आत उजेड दिसतो का म्हणून डोळ्यासमोर धरणार, तोच बरोबरच्या शिपायानं फोनवर चहाडी केली. "आरं डोळा फोडून घेशील! त्या उजेडाकडं बघायचं नसतं!" साहेब एवढ्यांदा ओरडले, की फोनची गरजच नव्हती. मी घाबरून टोकं परत बसवली, ती उलटी. जाणारा तंतू येणाऱ्याच्या जागी. आता हिरवा दिवाही गेला. सकाळी एक अडचण होती, ती मी दुपारपर्यंत दोन केली. ती एक सोडवण्यात जेवणाची वेळ टळली.

मग केबल दबली असेल अशी शंका काढून मी बाजारात गेलो आणि क्रेटनं भरलेला एक पिकअप हलवायला सांगितला. व्यापारी क्रेटवर हात टेकून म्हणाला, "आमच्या टमाट्यानं तुमची बँक बंद पडली व्हय? दाबून बघा राव, लई मऊ हाय." सगळा बाजार हसला. केबल धडधाकट होती.

चहाच्या वेळेला अण्णांचा निरोप आला: कुणाची चूक ते सांगायला वर या. साहेब शांतपणे उठले, "मीच जातो, माझंच असंल," म्हणाले आणि चपला शोधू लागले. हा माणूस आमच्यासाठी आणखी एकदा खोटा गुन्हा कबूल करणार, तोही खुर्ची जाणार असताना! मी त्यांच्या आधी जिना चढलो आणि अण्णांसमोर उभा राहून ठणकावून सांगितलं, "चूक माझी आहे. नव्या स्विचची सेटिंग मी घातली."

आयुष्यात केलेल्या असंख्य चुका मी लपवल्या होत्या. न केलेली चूक कबूल करण्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि छाती अशी फुगली होती, की शर्टाचं बटण तुटेल.

"मग उद्यापास्नं येऊ नका," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात साहेब दारात आले. धाप लागलेली, एका पायात दुसऱ्याचीच चप्पल. "अण्णा, ह्याचं ऐकू नका. एवढी मोठी चूक करायची ह्याची लायकी न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी चपला शोधता शोधता इचार करत व्हतो. आरं, मी खरंच घातलीय की सेटिंग! प्रत्येक स्विचला आपला येगळा नंबर लागतो. जुन्याची सेटिंग उचलली, तिच्यासंगं जुन्याचा नंबर बी नव्याला गेला. दोघंबी एक नंबर. मग एकमेकाला घरात घेतील कसं?"

सकाळी सगळ्यांत आधी त्यांनी हेच सांगितलं होतं. आम्ही विश्वास ठेवला नव्हता, कारण ते रोजच सांगत. आणि रोज सांगून सांगून त्यांचा स्वतःचाही विश्वास उरला नव्हता. खाली जाऊन नव्या डब्याचा नंबर बदलला. कपाळावरचा घाम पुसायच्या आत दोघांनी एकमेकांना ओळखलं.

उद्घाटन झालं. माझी नोकरी राहिली. साहेबांची मात्र घोडेगावच्या शाखेत बदली झाली. अण्णांनी शब्द पाळला. निरोपाच्या दिवशी मला रडू आवरेना. साहेबांनी माझ्या हातात उरलेले शेंगदाणे दिले. "रडतो कशाला इंजिनियर? तिथं एकच डबा हाय. भांडायला दुसरा न्हाईच."

निवृत्तीनंतर ते पिंपळवंडीला, बुद्धविहारामागच्या आपल्या घरी राहिले आणि तिथेच गेले. मी भेटायला गेलो तेव्हा काकू ओट्यावर बसून होत्या. शेजारची म्हणाली, चार शब्द बोलल्या नाहीत अजून. मी आपलं त्या दिवसाचं सगळं सांगितलं: टमाटे, चप्पल, एक नंबर. त्या ऐकत होत्या की नाही, कळत नव्हतं. मग उठून त्यांनी चहा आणला.

मी घोट घेतला. साखरच नव्हती. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही काकू. माझंच चुकलं. मी ढवळलाच नाही."

त्यांनी कपाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "नको रं बाबा तू बी तसलं बोलू," त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावता लावता एकदम हसल्या. "साखर मीच घालायची ऱ्हायले."