एका खोडाचे चाचा

कुणावर लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तोही उशिरा. चुकलं तर माफ करा. पण चाचांनी मला इतकं छळलं आहे की लिहिल्यावाचून राहवत नाही.

चाचांना झाडाला एकच खोड लागे. दुसरं दिसलं की हात कात्रीकडे गेलाच. ते रत्नागिरीकडचे, जन्मभर आंब्याची कलमं बांधलेले. कलमाखाली खुंटाला, म्हणजे मूळ रोपाला, आलेला फुटवा वेळीच काढला नाही तर तो कलमालाच खातो, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. नव्वदच्या दशकात बहरीनला, सनद नावाच्या गावातल्या एका नर्सरीत ते माळी होते आणि मी हजेरी लिहिणारा क्लार्क.

तिथे वाऱ्याला आडोसा म्हणून ऑस्ट्रेलियातली ठेंगणी निलगिरी लावली होती. कोरड्या मुलखातलं झाड. जमिनीतल्या गड्ड्यातून एकदम पाच-सहा खोडं फुटतात. वाळू अडवायला तशीच हवी होती. चाचा ती छाटत.

"चाचा, हे कलम नाही. याची जातच अशी."

"जात मला शिकवतोस? मुळातनं फुटलं ते चोर."

"साहेबांनी सांगितलंय, कापायचं नाही."

"साहेबाने आंबा खाल्लाय. लावलाय का कधी?"

त्यांचा व्हिसा संपत आला होता. आडोसा दाट दिसला तरच नवा करू, असं इंजिनियर साहेबांनी मला बजावलं. मी चाचांचे अक्षरशः पाय धरले. "इंशाल्ला, हात नाही लावत," म्हणाले. पाहणीच्या सकाळी जाऊन बघतो तर अख्खी रांग एकखोडी, काठ्यांना बांधलेली! वर मलाच विचारतात, "आता कशी दिसतायत?"

साहेब एवढंच बोलले, "खलास."

चाचा गावी गेले. उन्हाळ्याच्या वाऱ्यात ती एकुलती खोडं मोडली आणि थंडीपर्यंत प्रत्येक बुंध्यातून आठ-नऊ नवी उसळली, पहिल्यापेक्षा दाट. साहेब खूष. "म्हाताऱ्याला बोलव, व्हिसा देतो," म्हणाले. मी धावत जाऊन पत्र लिहिलं. आनंदाच्या भरात कुठल्या झाडाला किती खोडं फुटली तेही लिहिलं. एवढं शिकून मला तेवढं कळू नये!

महिन्याभराने उत्तर आलं, त्यांच्या मुलीच्या अक्षरात. "अब्बा येणार नाहीत. म्हणतात, इतके फुटवे मागे राहिले, म्हणजे माझ्या हाताला आता काम जमत नाही. व्हिसा कुणा चांगल्या माळ्याला द्यावा."