अबू यूसुफ यांचं साल सुटणारं झाड

जून महिन्यातला शुक्रवार, आखातातलं ईसा टाउन, सकाळचे आठ. खाली अंगणात आमचे घरमालक अबू यूसुफ कुंडीतलं एक झाड काढून टाकायला निघाले होते... आणि साताऱ्याहून व्हिजिट व्हिसावर आलेले माझे बाबा त्यांच्या आडवे उभे होते.

अबू यूसुफ यांची मुलगी लग्न होऊन अमेरिकेत गेली. तिच्या दारात रिव्हर बर्च नावाचं झाड आहे, म्हणून यांनी तसंच रोप नर्सरीतून खटपट करून मागवलं. आता पानं पिवळी पडली होती, आणि खोडाची साल कागदासारखी सुटत होती.

"खलास. ये बीमार है," ते म्हणाले.

बाबांनी नगरपालिकेच्या बागेत तीस वर्षं माळीकाम केलं, पण हे झाड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी एका फांदीवर नख ओढलं. आत हिरवं होतं. "जिवंत है, मालक. थोडा रुको."

माझ्या मुलीने, सईने, फोनवर शोधलं. "आजोबा, इट्स सपोज्ड टू पील." आपल्या भूर्जपत्राच्या जातीतलंच झाड ते... साल सुटणं हा त्याचा स्वभाव. आतला गुलाबी-केशरी रंग बघायला तर लोक ते मुद्दाम लावतात.

मग पानं का पिवळी? शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा होता. बाबांनी कुंडीतल्या मातीवरचा पांढरा थर बोटाने जिभेला लावला... खारट. नदीकाठचं झाड ते, आणि आम्ही त्याला इथलं नळाचं पाणी पाजत होतो.

उपाय घरातच होता. दमट हवेत एसीच्या नळीतून दिवसभर पाणी गळतं, आणि त्यात मीठ नसतं. बाबांनी कुंडी भिंतीच्या सावलीत नेली, नळीखाली बादली लावली आणि त्या पाण्याने माती धुऊन काढली. पुढे रोज संध्याकाळी तेच पाणी... अबू यूसुफही खुर्ची घेऊन शेजारी बसायला लागले. दोघांचं हिंदी यथातथाच, पण गप्पा तासभर चालायच्या.

महिन्याभराने नवी पालवी आली, हिरवीगार. अबू यूसुफ यांनी लगेच मुलीला व्हिडिओ कॉल लावला, आणि फोन पानांजवळ धरून तिला एकेक पान दाखवलं.

रात्री जेवताना मी बाबांना विचारलं, "परक्याच्या झाडासाठी एवढी धडपड कशाला केलीत?"

"तू इकडे आलीस त्या वर्षी मी परसात जास्वंद लावली," ते आमटी वाढून घेत म्हणाले. "तुझ्या खिडकीखाली."

अकरा वर्षं झाली मला इथे येऊन... रोज फोन होतो आमचा, पण हे मला माहीत नव्हतं. या सुट्टीत साताऱ्याला गेले की आधी परसात जाणार आहे.