पाठीवरची फक्की

लेकीच्या शाळेत मैदान आखून राहिले होते. फक्कीचा कोरडा वास नाकात गेला आणि साखऱ्याहून खो-खोच्या स्पर्धेला निघालेला आमचा टेम्पो आठवला.

दरवर्षी जिंकणाऱ्या वसमतच्या मुलींना यंदा कोण हरवणार, यावर सर ड्रायव्हरशी बोलत होते. सेनगाव, नरसी, कळमनुरी, सगळी नावं झाली. शेळ्या वळता वळता चपळ झालेली तांड्यावरची कमल मध्येच म्हणाली, "अन् आपुन काहून न्हाई, सर?"

सर नुसते हसले.

आमचा पहिलाच सामना वसमतशी पडला. शेवटी आम्ही एकाच गुणानं मागं होतो. कमल फक्कीच्या रेषेवर आपटली, उठली आणि माझ्या पाठीवर थाप देऊन ओरडली, "खो!" मी जीव तोडून धावले. समोरची मुलगी बोटभर दूर असताना शिट्टी वाजली.

परतताना मी रडत होते. पुढं सर ड्रायव्हरला सांगत होते, "पुढच्या साली वसमतला हरवतील तर ह्याच पोरी." कमलनं मला कोपरानं ढोसलं. "आयकलं का?"

घरी आईनं शर्ट धुवायला मागितला. पाठीवर कमलचा पांढरा पंजा उमटला होता. मी शर्ट दिला नाही.

अजूनही फक्कीचा वास आला की पाठ आपोआप ताठ होते. वाटतं, मागून कमल येऊन राहिली.