पंखाखालची पावडर

आधीच सांगतो, मी या प्रकारातला माणूस नाही. विमानं दुरुस्त करतो. जे मोजता येतं आणि पुन्हा तपासता येतं, तेवढंच मानतो. बायको दाराला लिंबू-मिरची बांधते तेव्हा तिला दोन शब्द ऐकवल्याशिवाय मला राहवत नाही. तरीही हे लिहितोय… कारण गप्प बसणं आता जमत नाही.

मी अवधपुरीला राहतो. भोपाळच्या विमानतळाच्या कडेला एका फ्लाइंग स्कूलचा हँगर आहे, तिथे इंजिनीअर आहे. त्या एप्रिलमध्ये आमच्या चार सीटच्या विमानाच्या उजव्या पंखाखाली निळा डाग दिसायला लागला. या विमानांचं पेट्रोल निळसर असतं, त्यामुळे गळती लगेच कळते. पंख केबिनला जोडतो तिथल्या सांध्यावरच तो डाग होता. सांधा साफ केला, फटी बुजवणारं सीलंट भरलं, टाकी फुल करून दोन दिवस ठेवली. एक थेंब नाही. मी खूश!

इथे वानखेडे काकांबद्दल सांगायला हवं. आमचे जुने टेक्निशियन, नागपूरकडचे. गळती शोधायची असली की ते पंखाखालच्या पत्र्याला चंदनाची टाल्कम पावडर हाताने थापायचे आणि निळी रेघ उमटायची वाट बघत बसायचे. मला म्हणायचे, "बाबू, डाग दिसते तिथं लीक नसते. पंख टोकाकडं उचललेला असते ना, पेट्रोल आतून वाहत येते. मागं मागं जा."

माझ्याकडे गळती शोधायचा कंपनीचा स्प्रे होता, आणि शिक्षणाची मस्तीही. एकदा सगळ्यांसमोर मी त्यांचा डबा कचऱ्यात टाकला. "काका, हे न्हाव्याचं दुकान नाही." त्याच महिन्यात ते रिटायर झाले आणि त्या एप्रिलच्या आधीच्या दिवाळीनंतर वारले. माफी मागायची राहूनच गेली… हे मला अजून खातं.

तर, त्या दिवशी दुपारी आमची ट्रेनी सृष्टी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती याच विमानातून पहिल्यांदा एकटी इंदूरला जाणार होती.

"सर, पापा भी आ रहे हैं देखने. गाड़ी फिट है ना?"

"एकदम फिट," मी म्हणालो. विमान उडायला योग्य असल्याच्या कागदावर फक्त माझी सही बाकी होती.

ती गेल्यावर मी हँगरला कुलूप लावलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि दारासमोरच सावलीत डबा खायला बसलो. आत यायला दुसरा रस्ता नाही. वीस मिनिटांनी पेन काढत आत शिरलो आणि थांबलो. चंदनाचा वास येत होता.

पंखाखाली गेलो. मी बुजवलेला सांधा कोरडाच होता. पण तिथून हातभर बाहेरच्या बाजूला तपासणीचं गोल झाकण आहे, त्याच्याभोवती पांढरी पावडर थापलेली होती. एकसारखी, बेतानं. आणि झाकणाच्या कडेला एक बारीक निळी रेघ.

मी झाकणाचे स्क्रू सैल केले तसं पेट्रोल माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. खरी गळती त्याहून पुढे, टाकीच्या टोकाला होती. मी फक्त तिचा बाहेर यायचा रस्ता बंद केला होता. पेट्रोल पंखाच्या आत साठत होतं… लाइटच्या वायरींखाली. एक ठिणगी पुरली असती. मी तिथेच जमिनीवर बसलो.

सही केली नाही. सृष्टी रडली, चार दिवस माझ्याशी बोलली नाही. खरी गळती बुजवून मी सही केली. पाचव्या दिवशी तिचे वडील पुन्हा आले, ती इंदूरला जाऊन परत उतरली, आणि तो माणूस धावपट्टीच्या कुंपणाला धरून लहान मुलासारखा रडत होता. का कोण जाणे, मीही.

"वॉचमननं लावली असेल" असं कृपया खाली कमेंटमध्ये कुणी लिहू नका. त्याला विचारून झालंय, दुसरी किल्ली ऑफिसच्या तिजोरीत होती हेही बघून झालंय. हँगरमध्ये पावडरचा डबा नव्हता. जो होता, तो मीच फेकला होता.

जवाहर चौकातून तसलाच डबा आणून टूलबॉक्समध्ये ठेवलाय. प्रत्येक विमानाला पावडर मीच थापतो. आणि सही करण्याआधी, हँगरमध्ये कुणी नसेल तर, मोठ्यानं विचारतो, "काका, करू?"