भावजींनी ‘ठीक’ म्हटलेल्या पाच बोटी

जुनी लाकडी मोटरबोट विकत घ्यायची तर आधी भावजींना बोलवायचं, हा आमच्या धक्क्यावरचा शिरस्ता होता. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लोक त्यांना डॉक्टर म्हणत, कारण ते बोटीच्या पोटावर लाकडी हातोडीने ठोकून तिचं दुखणं सांगत.

त्यांची पद्धत कधी बदलली नाही. बोट पाण्याबाहेर काढून ठोकळ्यांवर चढवलेली हवी. आधी तळ बघायचा. पितळी कठड्याची चकाकी नंतर. इंजिन सुरू करण्यापूर्वी ते त्यावर तळहात ठेवत. कोमट लागलं की मालकाला विचारत, “आम्ही यायच्या आधीच उठवून बसवलंत वाटतं हिला?” थंड इंजिन कुरकुरतं हे लपवायची ती युक्ती असे. तळात साचलेलं पाणी ते बोटाने जिभेला लावून बघत. खारट असेल तर समुद्राचं, त्याची फारशी चिंता नाही. गोडं असेल तर पावसाचं, म्हणजे वरून गळतंय आणि आत लाकूड कुजतंय. जाऊबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, “माझ्या हातच्या जेवणात मीठ कमी म्हणून कुरकुर, आणि तिथे गटार चाखून येतात.”

सगळ्यात शेवटी ठोकणं. एकेक फळी ठोकून, आवाज खणखणीत आला तर ते ‘ठीक’ आणि बद्द आला तर ‘नरम’ म्हणत आणि मी वहीत लिहीत असे. त्यांचं शिक्षण बेताचं, आणि माझं अक्षर शाळेत नन्सनी छडी उगारून वळण लावलेलं. माझे यजमान गेल्यावर मी घरात नुसती बसून राहू नये म्हणून भावजींनीच हे काम मला दिलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली. नियम एकच: ते म्हणतील ते लिहायचं.

गेल्या वर्षी एका निवृत्त मास्तरांनी त्यांना बोलावलं. बोट पन्नास वर्षांची, सागवानी, मूळ इंजिन शाबूत. मास्तर तर तिच्या प्रेमातच पडले होते. त्यांच्या पत्नी लांबून म्हणाल्या, “डॉक्टर, नीट बघा हो. हे चष्मासुद्धा न लावता पसंत करून बसलेत.”

भावजी ठोकत मागे इंजिनाजवळ आले. सातव्या फळीचा आवाज भिजलेल्या खोक्यावर थाप मारावी तसा आला. ते म्हणाले, “ठीक.” मी ‘ठीक’ लिहिलं. आठवीचाही तसाच आवाज. “ठीक.” तेही लिहिलं.

तेवढ्यात मास्तरांच्या पत्नी म्हणाल्या, “आमची नात इथेच मागे बसणार. तिला पाणी बघायला आवडतं.”

माझं पेन थांबलं. “भावजी, सातवी पुन्हा ठोका.”

“का? लिहायची राहिली?”

“नाही. मला आवाज वेगळा वाटला.”

त्यांनी पुन्हा ठोकलं. मग फळीला कान लावून ठोकलं. मग हातोडी माझ्या हातात दिली. “वहिनी, तुम्ही ठोका. एकदा चांगल्या फळीवर, एकदा हिच्यावर.”

मी ठोकलं.

“मला दोन्ही सारखेच ऐकू आले,” ते हळूच म्हणाले.

त्यांनी खिशातला चाकू काढून सातव्या फळीत टोचला. पातं मुठीपर्यंत आत गेलं. मास्तरांकडे वळून ते म्हणाले, “ही घेऊ नका. आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला बोलवा.”

घरी आल्यावर मी माझ्या रोजनिश्या काढल्या. दोन वर्षांत पाच बोटींच्या बाबतीत मी लिहून ठेवलं होतं: ‘आवाज मला बद्द वाटला. भावजी ठीक म्हणाले.’ पाचही नोंदी मी त्यांना वाचून दाखवल्या, जरा मोठ्याने. मोठ्यानेच बोलायची मला सवय झाली होती आणि ती का झाली हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

“तेव्हाच का नाही बोललात?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या कानापुढे माझ्या कानाची काय किंमत? वाटलं, माझीच ऐकण्यात चूक होतेय.”

ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते मान हलवून उठले आणि खुंटीवरची टोपी घातली. “चला. पाचही घरी जाऊन सांगायला हवं.”

पहिला बेकरीवाला. तो हसून म्हणाला, “अहो डॉक्टर, त्या दोन फळ्या कधीच बदलल्या. तुमच्यानंतर दुसऱ्या मिस्त्रीला दाखवली होती ना.” त्याच्या बायकोने डोळे वटारले तशी त्याने जीभ चावली.

“मग मला कशाला बोलावलं होतंस?”

“तुम्हाला न बोलावता बोट घ्यायची? बरं दिसलं असतं का ते?”

दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या, चौथ्या घरीही तेच, फक्त तिथे जरा अडखळत, खाली बघत सांगितलं गेलं. सगळ्या धक्क्याला ठाऊक होतं. भावजींना मानाने बोलवायचं, त्यांचं ‘ठीक’ ऐकून घ्यायचं, आणि ते गेले की दुसऱ्याला बोलवायचं. ठाऊक नव्हतं ते बहुधा आम्हा दोघांनाच. प्रत्येक घरी भावजी म्हणत, “चांगलं केलंत.” चौथ्या घरातून निघाल्यावर त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. आजवर कधी घेतला नव्हता.

पाचवी बोट पलीकडच्या काठावर माणसं नेणाऱ्या बाईची. ती धक्क्याचा दोर सोडत होती. बोटीत चारपाच जण बसलेलेही होते.

“माझ्यानंतर ही कुणाला दाखवली होतीस?” भावजींनी विचारलं.

ती गोंधळून मोठ्याने म्हणाली, “तुमच्यानंतर? तुम्ही ठीक म्हणालात ना. मग आणखी कुणाला कशाला दाखवू?”

भावजींनी माझ्या खांद्यावरचा हात काढला. क्षणभर ते पूर्वीसारखे ताठ उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते आनंदाच्या इतकं जवळचं होतं की मला बघवेना.

मग ते म्हणाले, “पोरी, ह्या माणसांना उतरव.”

“का?”

“मी चुकलो. तळ नरम असणार. मला ऐकू येत नाही.”

ती हसली. “तुम्ही आणि चुकाल? आज थट्टेला मीच सापडले का?”

तिला पटेपर्यंत त्यांना ते तीनदा सांगावं लागलं.