मी सोन्याचा कण झालो तेव्हा
नव्या कापसाचा उबट वास आला, की मला देऊळघाटची आमची ओसरी दिसते. बीटी कपाशीतही बोंडअळी शिरू लागली होती, ती वर्षं. काकूच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली आणि तिनं उपचारच नाकारले. “फवारणीनं अळी मरते, अन् झाडबी जळते. मले नाही करा लागत!” पुण्यात औषधांवर संशोधन करणारी तिची लेक घरी येऊन समजावू लागली, की सोन्याचे अतिसूक्ष्म कण गाठीत जाऊन बसतात, तपासणीत ती दाखवतात आणि बाहेरून प्रकाश टाकला की तापून तिथंच तिला जाळतात. काकूच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. मग मीच बॅटरी घेऊन, “हा आला सोन्याचा कण!” अशी गर्जना करत ओसरीतल्या कापसाच्या ढिगात सूर मारला, एक गुलाबी अळी शोधली, उजेडात सगळ्यांना दाखवली आणि तिथल्या तिथं चिरडली. काकू पोट धरून हसली. “भेटते काय हे बुलढाण्यात?” लेक ओशाळली, “अजून उंदरांवरच चालू हाय, आई.” “म्हंजे पहिले उंदरं, मंग आमी! तोवर जगा त लागन न वं? उद्या ने मले दवाखान्यात.” जुन्याच औषधांनी काकू बरी झाली. अजूनही लेकीचा फोन आला, की आधी विचारते, “तुये उंदरं बरे झाले काय?”